घाणीचं तेल आणि आजोबांचं जॅकेट

शेंगदाण्याचं घाणीचं तेल. वाटीभर, आणि तेही कोमट करून! हे सांगताना तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून क्षणभर मला शब्दच सुचेनात. एरवी माझ्याकडे शब्दांची टंचाई नसते, हे तुझ्या सगळ्या बॅचला ठाऊक आहे. आता सुचलेत. फोन खिशात ठेव आणि बस.

पन्नाशीच्या घरातली वस्तू आहे ती. तुझ्या आजोबांनी मुंबईच्या चोर बाजारातून आणली तेव्हाच ती कुणीतरी वापरलेली होती. कापसाची दलाली करणारा माणूस. दसरा झाला की फेब्रुवारीपर्यंत पहाटे येझदी काढायची. धुळ्याहून कधी शिरपूर, कधी दोंडाईचा, कधी अमळनेर. जिनिंगच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागायच्या आत पोचायचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, वर दुचाकीवरचा वारा. ते जॅकेट शोभेचं नव्हतं. त्यांनी त्याला कधी साबण दाखवला नाही की तेल पाजलं नाही. घरी आले की झटकायचं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकायचं, एवढीच निगा. आणि तू? बी.एस्सी. झालेला, माझ्याच हाताखाली रसायनशास्त्र शिकलेला! सुट्टीत घरी आलास आणि एका आठवड्यात त्याची पार रया घालवलीस.

'सर, मी जपायलाच गेलो होतो,' असं म्हणू नकोस. जपणारा माणूस आधी बघतो. तू बघितलंस काय? ते चामडं कुठल्या जनावराचं, कशावर कमावलेलं, वर रंगाचा थर आहे की रंग आतपर्यंत मुरलेला आहे, यातलं एक तरी उत्तर तुझ्याकडे आहे? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. तू निदान पखालीचा तरी विचार करायचास, ती चामड्याची असते!

चेनच्या पट्टीखाली, शिवणीच्या आत, चामड्याची कापलेली कड उघडी असते. तिथे भिंग लाव. कड निळसर-करडी दिसली तर चामडं क्रोमवर कमावलेलं, तपकिरी दिसली तर झाडाच्या सालीवर. आरपार रंगवलेलं असेल तर हा पुरावा अपुरा पडतो, मग निकाल द्यायची घाई करायची नाही. नंतर कॉलरच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, टाचणीच्या टोकाएवढा पाण्याचा थेंब. तसाच उभा राहिला तर वर रंगाचा किंवा लॅकरचा थर आहे. लगेच आत शिरून डाग काळा पडला तर चामडं उघडं आहे, आणि उघड्या चामड्यावर तू जे काही लावशील ते परत निघत नाही. पाच मिनिटांचं काम होतं. शिवाय मुळात ते चामडं आहे की रेक्झिन, हेही तपासायचं असतं. वरचा पापुद्रा सुटून खालचं कापड दिसायला लागलं तर ते रेक्झिन, त्यावर जगात कुठलंही तेल चालत नाही. तुझ्या नशिबाने हे खरं चामडं आहे. त्याच्या नशिबाने मात्र ते तुझ्या हाती पडलं.

सालीवरचं आणि क्रोमवरचं यात फरक काय पडतो, असं तू मघाशी विचारलंस. ऐक. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड उगवतो ना, त्याच्या सालीवर कमावलेली भारतातली कातडी एकोणिसाव्या शतकात गाठोडी भरभरून विलायतेला जात. त्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या ग्रंथपालांच्या लक्षात आलं की चामडी बांधणीची पुस्तकं हात लावताच तांबूस भुकटी सोडतायत. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने 1900 साली यावर समिती नेमली. दोष निघाला तो काही जातींच्या टॅनिनमध्ये आणि कोळशाच्या धुरातल्या गंधकवायूत. तो वायू चामड्यात शिरून त्याचं आम्ल होतं आणि ते तंतू खातं. आपली 'ईस्ट इंडियन' कातडी त्या यादीत तळाला होती. अशा चामड्यावर ओलं फडकं फिरवलं की ते काळं पडतं, कडक होतं, संपतं. क्रोमवरचं तुलनेने सोशिक. मार्टिन डेनिस नावाच्या अमेरिकन माणसाने 1893 मध्ये एकाच हौदात क्रोम कमावायच्या कृतीचं पेटंट घेतलं आणि पुढे जॅकेटांच्या चामड्याचा बहुतेक कारभार क्रोमकडे गेला. तुझं जॅकेट क्रोमवरचं आहे, मी कड पाहिली. म्हणून ते अजून हातात धरता येतंय. यात तुझं कर्तृत्व शून्य.

आता साबण. कपड्यांची पावडर बादलीत घोळवून तू ते त्यात बुडवलंस. अकरावीला सामू शिकवताना मी फळ्यावर काय लिहिलं होतं? चामडं आम्लधर्मी असतं, सामू साधारण साडेतीन ते पाच. तुझी पावडर नऊ-दहाच्या घरात. म्हणजे आम्लात सांभाळलेली वस्तू तू अल्कलीत भिजत घातलीस. कमावताना आत मुरवलेली मूळची चरबी त्या पाण्याबरोबर मोरीत गेली. पाणी पिवळट झालं होतं म्हणालास आणि 'किती मळ निघाला' म्हणून खूश झालास. तो सगळा मळ नव्हता रे गाढवा, रंग होता आणि चरबी होती.

मग वाळवणं. मे महिना, जळगावच्या आत्याची गच्ची, भर दुपारी, पत्र्यावर. बिबड्या वाळत घालाव्यात तसं आजोबांचं जॅकेट पसरलंस! तुझ्या आत्याने तरी हटकायचं. हवेचं तापमान 45 असतं तेव्हा पत्र्यावर पडलेल्या काळ्या चामड्याचं 45 नसतं, त्याच्या कितीतरी वर चढतं. ओल्या चामड्यातले कोलॅजेनचे तंतू एका ठराविक तापमानाला आखडतात आणि आखडलेले पुन्हा सरळ होत नाहीत. कच्च्या कातड्यात ही वेळ साठ-पासष्टला येते, सालीवर कमावलेल्यात सत्तर ते पंच्याऐंशीला, चांगल्या क्रोममध्ये शंभराच्या आसपास. पण हे आकडे नव्या चामड्याचे. जुनं झालं, झिजलं, आम्लाने पोखरलं की हा आकडा खाली घसरत जातो. किती घसरला हे डोळ्यांना दिसत नाही. एवढ्यावर तुझं भागलं नाही. शिवणी ओल्या राहिल्या म्हणून केस वाळवायचा ड्रायर लावलास. उजवी बाही डावीपेक्षा बोटभर आखूड झालीये, ती का, ते आता तूच सांग. सांगू नकोस, लिहून काढ.

तेलाकडे येतो. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण खान्देशातल्या पोराला तेल कळू नये ही मला खरोखर लाजिरवाणी गोष्ट वाटते. सरकीच्या आणि शेंगदाण्याच्या मिलांच्या वासात तू वाढलास. अमळनेरला 1945 साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, जिला आज जग विप्रो म्हणून ओळखतं. ती संगणकासाठी नाही निघाली, वनस्पती तुपासाठी निघाली. तेलातले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढले की तेल घट्ट होतं आणि लवकर खवट होत नाही, हा धडा मी त्याच कारखान्याचं उदाहरण देऊन शिकवायचो. तू मागच्या बाकावर होतास, झोपलेला असशील. ज्या तेलात दुहेरी बंध जास्त ते हवेतला ऑक्सिजन जास्त घेणार. आयोडीन मूल्य आठव. खोबरेलाचं आठ-दहा, शेंगदाण्याचं नव्वदच्या आगेमागे, सरकीचं शंभराच्या पुढे, जवसाचं पावणेदोनशेच्या वर. जवसाचं तेल तर हवेत सुकून कातडीसारखा पापुद्राच धरतं, म्हणून ते रंगकामात वापरतात. शेंगदाण्याचं तसं सुकत नाही, पण पातळ थरात, आपल्या उन्हाळ्यात, ते खवट होतं आणि चिकटतं. वर्षभराने त्या जॅकेटला फरसाणाच्या जुन्या डब्याचा वास येईल. धूळ त्यावर बसेल ती उठणार नाही.

'मग खोबरेल लावायला हवं होतं का?' अजिबात नाही. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. धुळ्याच्या जानेवारीत पहाटे ते चामड्याच्या छिद्रांत पांढरं होऊन बसेल आणि तू ते बुरशी समजून आणखी काहीतरी फासशील. हेही शिकून ठेव: चामड्यावर पांढरं दिसलं की लगेच बुरशी म्हणायचं नाही. बोटाच्या उबेने विरघळलं तर ती चरबी आहे. विरघळलं नाही आणि भिंगातून तंतू दिसले तर बुरशी.

चामड्याला स्निग्धता लागते हे खरं. पण ती कमावतानाच, चामडं ओलं असताना, मोठ्या फिरत्या पिंपात, पाण्यात मिसळेल असं संस्कारित तेल मोजून मुरवतात. ते एकेका तंतूभोवती बसतं. तू वरून ओतलेलं तेल पोकळीत साचलं. चामडं गडद झालं, फुगलं, मऊ पडलं, आणि मऊ झालं म्हणून तुला ते 'जिवंत' वाटलं. खालची दुमड का सुटली, विचार केलास? जॅकेटची दुमड शिवायच्या आधी रबराच्या चिकटीने बसवलेली असते आणि तेलाने ती विरघळते. आणखी एक बक्षीस यायचंय. चेन पितळेची आहे. तेलातली आम्लं तांब्याला लागली की हिरवा, मेणचट थर धरतो. तो शेजारच्या चामड्यात उतरतो. वर्षाच्या आत दिसेल. दिसला की बांबूच्या काडीने हलकेच खरवडायचा, चिंच नाही लावायची. देवघरातली घंटी नाही ती.

आणि वरताण म्हणजे केळीची साल! चमक येते म्हणे. रावेर-यावलचं केळं, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्याची साल माणूस गुरांना घालतो, खतात टाकतो. तू ती चामड्यावर घासलीस. साखर आणि पिष्ट. बुरशीला पंगत वाढून ठेवलीस आणि वर जॅकेट टांगलंस ते कूलरसमोरच्या खोलीत. भो, कूलर म्हणजे दुसरं काय? ओल्या वाळ्यातून हवा ओढून खोलीत फेकणारा पंखा. बाहेर दुपारी हवेतली आर्द्रता विशीत किंवा तिच्याही खाली, आत कूलर चालू असताना दमट, रात्री बंद केला की पुन्हा कोरडी. चामडं रोज फुगतंय, रोज आकसतंय.

मोटेचा दाखला तू दिलास तो मात्र मी सोडणार नाही. 'आमचे पणजोबा मोटेला तेल लावायचेच की.' लावत असतील. मोट हे जाड, सालीवर कमावलेलं, दिवसभर विहिरीच्या पाण्यात बुडणारं चामडं. तिला पाणी पिऊन फुगू नये म्हणून तेलाचा उपयोग. आणि मोट कुणी नातवासाठी जपून ठेवायला बनवत नसे. फाटली की नवी. तुला वाटतं जुन्या माणसांनी केलं म्हणजे ते सगळीकडे लागू. ब्रिटिश म्युझियमने लॅनोलिन आणि मेणाचं मिश्रण चामडी बांधण्यांना कित्येक दशकं लावलं. पुढे जतन करणाऱ्यांनीच मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यातून फायदा फारसा दिसेना आणि चिकटपणा, डाग मात्र दिसले. आज बहुतेक संग्रहालयं चामड्याला काही लावण्याच्या आधी दहा वेळा विचार करतात आणि बहुधा लावतच नाहीत. त्यांनी आपली पद्धत बदलली. तू अजून फोनवर पाहिलेल्या त्या व्हिडिओला चिकटून आहेस.

हे सगळं एक वेळ अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. पण मला संताप आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोपरावरच्या सुरकुत्या भरून काढायला तू पुट्टी मागवलीस आणि काळा रंग मागवलास. 'नव्यासारखं' करायचंय म्हणे! अरे, नवं हवं तर धारावीत जा, मापाचं शिवून मिळेल. हे जॅकेट मी हातात घेतलं तेव्हा आधी आतला खिसा उलटा केला. शिवणीच्या कोपऱ्यात कापसाचे तंतू अडकलेत. सरकीचं एक टरफलही आहे, काळपट, नखाएवढं. तुझ्या बादलीतूनही ते वाचलं. उजव्या खांद्यावर एक तिरपी झिजलेली पट्टी आहे. कागदपत्रांची पिशवी त्या खांद्याला असायची, मला आठवते. डाव्या कोपराची घडी उजव्यापेक्षा खोल आहे, क्लच दाबून दाबून. कुठल्या वहीत हे लिहून ठेवलंय? तुमच्या घरात त्यांचा कामावरचा एक फोटो नाही. हा खांदा आणि हे कोपर, एवढीच नोंद. त्यावर तू पुट्टी भरणार होतास!

धुळ्यात राहून तुला हे कळू नये? इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस इथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. त्या माणसाने वाड्यावाड्यांतून, अडगळीतून मोडी कागद गोळा केले. मंडळात एखादा चुरगळलेला कागद घेऊन जा आणि सांग, मी याच्यावर इस्त्री फिरवलीये आणि पुसट अक्षरं नव्या शाईने गिरवलीयेत. तुला दारातच थांबवतील, आणि तेही माझ्यापेक्षा सभ्य भाषेत. अमेरिकन वैमानिकांना 1931 पासून मिळायला लागलेलं ए-टू जॅकेट तुला फार आवडतं ना? त्यातल्या कित्येकांच्या पाठीवर विमानांची नावं आणि चित्रं रंगवलेली आहेत, रंग तडकलेला आहे. संग्रहालयात ते तडे बुजवत नाहीत. रंग गळून पडू नये एवढंच पाहतात.

असो. आता जे उरलंय त्याचं बघू.

तेल पूर्ण निघणार नाही, हे आधी मान्य कर. पातळ सुती कापड पसर, त्यावर बारीक चाळलेली कोरडी मुलतानी माती, ती बाजू वर ठेवून कापड चामड्यावर घाल आणि रात्रभर राहू दे. माती थेट चामड्यावर टाकलीस तर शिवणीत शिरेल आणि पुढची दहा वर्षं गळत राहील. माती बदलून काही रात्री हेच कर. जेवढं वर येईल तेवढं येईल. केळीच्या सालीचा चिकटपणा आहे तिथे उकळून गार केलेलं नव्हे, डिस्टिल्ड पाणी, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते. पण बाटली बंद असावी आणि वर आम्ल नव्हे, पाणी लिहिलेलं वाचून घे. फडकं त्यात भिजवून इतकं पीळ की हाताला जेमतेम गार लागेल. एकदा पुसायचं आणि सोडून द्यायचं. वाळवणं घरात, सावलीत, पंख्याचा झोत थेट येणार नाही असं. यानंतर दोन महिने काहीही लावायचं नाही. लोशन नाही, मेण नाही, बुटाचं पॉलिश तर नाहीच. पॉलिशमधला रंग आणि टर्पेन्टाइन शर्टावर उतरेल आणि चामड्याच्या तोंडावर मेणाचे बोळे बसतील.

आखूड झालेली बाही ओढून लांब करायचा प्रयत्न करशील, मला माहीत आहे. करू नकोस. फाटेल.

सुटलेली दुमड आणि काखेतली उसवण घेऊन बसस्टँडजवळच्या चर्मकार काकांकडे जा. काका म्हणायचं, 'ओ, इकडे' नाही. त्यांच्या आरीला आणि रापीला जे कळतं ते तुझ्या व्हिडिओवाल्याला कळत नाही. त्यांना दोन गोष्टी विनंती करून सांग. एक, जुन्या भोकांतूनच टाका घ्या. चामड्याला पडलेलं भोक कापडासारखं मिटत नाही, आणि जवळजवळ नवी भोकं पाडली तर तिकिटासारखी सरळ रेष फाटते. दोन, काखेत आतून बकऱ्याच्या पातळ चामड्याचं ठिगळ द्या, पण तेल लागलेल्या जागी नुसत्या सुलोशनवर भरवसा ठेवू नका. ते मान हलवतील, कारण त्यांना हे तुझ्याआधी माहीत असतं. झटपट चिकटवायची ती नळी खिशातून काढलीस तर तेच तुला हाकलतील. सुकल्यावर ती काचेसारखी कडक होते आणि पहिल्या वाकण्याला शेजारचं चामडं फाडते. मागतील ते पैसे दे. घासाघीस करायची तर सोन्याच्या दुकानात कर, जळगावात कमी आहेत का!

ठेवायचं कुठे? वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या लोखंडी कपाटात नाही, ते उन्हाळ्यात भट्टी होतं. तुमच्या गावच्या घराचं धाबं अजून शाबूत आहे. मातीच्या जाड भिंतींची मधली खोली, जिथे उन्हाळ्याचा ताव आणि हिवाळ्याचा कडाका दोन्ही उशिरा पोचतात, तिथे ठेव. पण पावसाळ्यापूर्वी धाबं गळतं का ते पाहून घे आणि भिंतीला टेकवू नकोस, वाळवी कुणाचं नातं ओळखत नाही. रुंद खांद्याचा लाकडी हँगर घे, तारेचा नको. खांद्यांत आणि बाह्यांत धुतलेल्या मांजरपाटाचे बोळे भर, वर्तमानपत्राचे नाही. शाई उतरते आणि कागद आम्ल सोडतो. वरून मांजरपाटाचीच खोळ. प्लास्टिकची पिशवी दिसली तर मी स्वतः येऊन फाडेन. जुन्या दप्तरखान्यात कागद कापडी रुमालात बांधून ठेवत, ते काही कापड स्वस्त होतं म्हणून नव्हे. डांबरगोळ्या टाकायच्याच तर वेगळ्या पुरचुंडीत, चामड्याला न लागतील अशा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढ, उजेडात बघ, मऊ ब्रशने झटक, वास घे, परत ठेव.

आणि वापर. हो, वापर. हिवाळ्यात दोन-चार वेळा घाल. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेलं चामडं त्या घडीतच तडकतं. पण बाही आखूड झालीये म्हणून आपल्याला शोभत नाही असली तक्रार माझ्याकडे आणू नकोस.

तो रंगाचा डबा आणि पुट्टी इथे टेबलावर ठेव. दुकानदार परत घेत असेल तर उद्या देऊन ये, नसेल तर शाळेच्या नाटकवाल्यांना लागेल. जॅकेटचे चारही बाजूंनी फोटो काढ, शिवणी, खिसा, ते सरकीचं टरफल, सगळं. तू काय काय लावलंस, कुठल्या तारखेला, किती, हे प्रामाणिकपणे वहीत लिही. तेलाच्या वाटीचं मापही. पुढे कधी कुणा जाणकाराकडे हे नेशील तेव्हा तो पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि तेव्हा 'आठवत नाही सर' असं उत्तर चालायचं नाही. रविवारी सकाळी वही घेऊन ये. मी तपासणार आहे, लाल पेनाने.